कासवांचे आचार्य : डॉ. आर्ची कार

आपल्या पनवेलीहून दक्षिणेस निघणारा मोठा रस्ता महाडावरून चिपळुणास जातो, आणि तेथून पश्चिमेस वळलें म्हणजे गुहागरचा समुद्र लागतो. सुट्टींत आमच्या वाचकांपैकीं पुष्कळजण या वाटेनें आजोळीं जात असतील. या गुहागरच्या वाळूंत २०२५ सालच्या जानेवारी महिन्यांत एक कासवी अंडीं घालण्यास आली. कासवें तेथें दर हिंवाळ्यांत येतात, त्यांत नवल नाहीं. परंतु हिच्या वल्ह्यासारख्या पुढच्या पायास धातूचा एक लहानसा बिल्ला होता व त्यावर ०३२३३ हा आंकडा कोरलेला होता. शोध करितां असें आढळलें कीं, हा बिल्ला भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेच्या लोकांनीं २०२१ सालच्या मार्चमध्यें ओडिशाच्या किनाऱ्यावर तिला लाविला होता. पूर्वसमुद्रावरची ही पाहुणी सुमारें साडेतीन हजार किलोमीटर पाणी तोडून आपल्या कोंकणांत उतरली होती!

बोटाच्या पेराएवढी ती पट्टी नसती, तर ही कासवी इतर शंभर कासवींसारखीच वाळू उकरून निघून गेली असती आणि कोणास कांहींच कळलें नसतें. कासवाच्या पायास आंकडा लावावा आणि मग वर्षानुवर्षें त्याच्या बातमीची वाट पाहत बसावें, ही युक्ति ज्यांनीं चिकाटीनें चालवून एका शास्त्राचा पाया घातला, त्या डॉ. आर्ची कार यांचें चरित्र आम्ही यंदा वाचकांपुढें ठेवीत आहों.

अर्चिबाल्ड फेअर्ली कार यांचा जन्म १६ जून १९०९ रोजीं अमेरिकेंत आलाबामा संस्थानांतील मोबील या बंदरीं झाला. वडील प्रेसबिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक होते. आई पियानो वाजविण्यास शिकवीत असे. वडिलांस शिकारीचा व मासे धरण्याचा मोठा नाद असल्यामुळें मुलास रानावनांत हिंडण्याची संवय लहानपणींच लागली. घराच्या अंगणांत सरडे, साप व कासवें पाळण्यास आईबापांनीं त्यास कधीं मना केलें नाहीं. ही गोष्ट आमच्या वाचकांतील आईबापांनीं वाचून सोडून द्यावी कीं मनावर घ्यावी, हें त्यांचें त्यांनींच ठरवावें.

पुढें कार विद्यालयांत गेले ते प्राणिशास्त्र शिकण्यास नव्हे, तर इंग्रजी वाङ्मय शिकण्यास. मध्येंच एका हाताच्या हाडांत विकार होऊन त्यांस अनेक शस्त्रक्रिया सोसाव्या लागल्या, आणि त्या हाताचें कोपर जन्मभर आंखडलेलेंच राहिलें. ज्या माणसास पुढें दीड-दीडशें किलो वजनाच्या कासवांशीं रात्रभर झटावयाचें होतें, त्याच्या बाबतींत हें व्यंग लहान नव्हतें. फ्लोरिडा विश्वविद्यालयांत आल्यावर त्यांनीं विषय बदलून जीवशास्त्र घेतलें, आणि १९३७ सालीं त्या विषयांतील तेथील पहिली डॉक्टरची पदवी त्यांस मिळाली. वाङ्मयाचा अभ्यास मात्र फुकट गेला नाहीं. शास्त्रज्ञांनीं लिहिलेलीं पुस्तकें बहुधा शास्त्रज्ञच वाचतात. कारांचीं पुस्तकें लोकांनीं कादंबरीसारखीं वाचलीं, आणि कासवांचें दैव पालटलें तें मुख्यतः या एका कारणानें, असें आमचें मत आहे.

१९३७ सालच्या पहिल्याच दिवशीं त्यांचा विवाह मार्जरी हॅरिस या प्राणिशास्त्राच्या अभ्यासिकेशीं झाला. मार्जरीबाई पुढें स्वतःच्या कर्तृत्वानें प्रसिद्धीस आल्या. फ्लोरिडा संस्थान आडवें चिरून जहाजांसाठीं कालवा खणण्याचा सरकारी बेत होता. त्यामुळें एका सुंदर नदीचा नाश होतो हें बाईंनीं आंकडेवारीनिशीं दाखवून दिलें, आणि १९७१ सालीं खुद्द राष्ट्राध्यक्षांस तें काम थांबवावें लागलें. या बाईंचें चरित्र स्वतंत्रपणें लिहिण्याजोगें आहे.

१९४५ पासून १९४९ पर्यंत कार कुटुंबासह मध्य अमेरिकेंत होंडुरास देशीं एका शेतकी विद्यालयांत शिकवीत होते. तेथें त्यांस स्पॅनिश भाषा बोलतां येऊं लागली, आणि कोळी, नावाडी, लाकूडतोडे यांच्यांत बसून गोष्टी ऐकण्याचा छंद लागला. मायदेशीं परतल्यावर १९५२ सालीं त्यांनीं उत्तर अमेरिकेंतील कासवांवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. तळ्यांतील व जमिनीवरील कासवांविषयीं त्यांस पुष्कळ लिहितां आलें. पण समुद्रकासवांचें प्रकरण आलें तेव्हां त्यांची लेखणी अडखळली. हीं कासवें अंडीं कोठें घालतात, पिलें कोठें जातात, मोठीं होण्यास किती वर्षें लागतात, एकदां गेलेली कासवी परत येते कीं नाहीं, यांपैकीं एकाही प्रश्नास कोणापाशीं धड उत्तर नव्हतें. जें होतें तें ऐकीव.

या अज्ञानाचें मोल कासवें आपल्या जिवानें देत होतीं. हिरवें कासव हें त्यांतील मुख्य. त्याच्या चरबीचा रंग हिरवट असतो म्हणून हें नांव. तें समुद्रांतील गवत खातें, आणि त्याचें मांस चवदार असतें. पाठीवर उलथें टाकलें कीं तें हलूं शकत नाहीं, व पाणी शिंपडीत राहिलें तर कित्येक आठवडे जिवंत राहतें. बर्फाची पेटी निघण्यापूर्वीं समुद्रावरील खलाशांस ताजें मांस मिळण्याचा याहून सोपा मार्ग नव्हता. बर्म्युडा बेटांत कोंवळीं कासवें मारूं नयेत असा कायदा १६२० सालींच झाला होता. पण तो कोणी पाळला नाहीं. केमन बेटांवर एके काळीं कासवांच्या झुंडी उतरत. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत त्या संपल्या, आणि तेथील लोक आपलीं गलबतें घेऊन दुसऱ्यांच्या किनाऱ्यांवर कासवें धरण्यास जाऊं लागले. कॅरिबियन समुद्रांत एकामागून एक किनारे असे रिकामे झाले. कारांनीं शोध आरंभिला त्या वेळीं पश्चिम कॅरिबियनांत हिरव्या कासवाची एकच मोठी वसाहत उरली होती. ती कोस्टा रिका देशांत टोर्तुगेरो येथें.

टोर्तुगेरो या शब्दाचा अर्थच मुळीं कासवांचें ठिकाण असा आहे. २२ मैल लांबीचा काळ्या वाळूचा सरळ किनारा, मागें खाडी व दाट जंगल, आणि पुढें सदा खवळलेला समुद्र. जुलै ते ऑक्टोबर या महिन्यांत रात्रीं कासवी वर येतात. किनाऱ्याचे मैल-मैलाचे तुकडे पाडून ते रखवालदारांस मक्त्यानें दिलेले असत. रखवालदार कासवी आली कीं तिला उलथी करून ठेवी आणि सकाळीं व्यापाऱ्याच्या हवालीं करी. अंडीं घालण्याच्या आधींच आई मारावयाची, असा हा धंदा होता. तो असाच चालता तर शेवटची वसाहत संपावयास फार काळ लागला नसता.

येथें १९५५ सालीं कारांनीं बिल्ले लावण्यास आरंभ केला. पहिल्या खेपेस त्यांनीं कवचाच्या कडेस भोंक पाडून तारेनें चकत्या बांधल्या. त्या लवकरच गळून पडल्या. मग गुरांच्या कानांस मारतात तसल्या धातूच्या पट्ट्या आणून त्या पुढच्या पायाच्या कडेस चिमट्यानें बसविल्या, आणि त्या टिकल्या. प्रत्येक पट्टीवर आंकडा, विश्वविद्यालयाचा पत्ता, व ती परत पाठविणारास बक्षीस मिळेल असा स्पॅनिश व इंग्रजी भाषांत मजकूर. बक्षीस पांच डॉलरांचें होतें. दूरच्या कोळ्यांस ही रक्कम लहान नव्हती. आणि कासव मारून खाल्लें तरी पट्टी तेवढी जपून ठेवावी असें त्यांस वाटूं लागलें.

मग पत्रें येऊं लागलीं. कोणी शिक्षकाकडून लिहवून घेतलेलीं, कोणी मोडक्यातोडक्या अक्षरांत स्वतः लिहिलेलीं. त्यांतील फार मोठा भाग निकाराग्वाच्या किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रांतून आला. तेथें पाण्याखालीं गवताचीं मैलोगणती कुरणें आहेत. नकाशावर टिंबें मांडतां मांडतां कारांस उलगडा झाला : कासवें चरतात एके ठिकाणीं आणि प्रसवतात दुसऱ्या ठिकाणीं, व मधलें शेंकडों मैलांचें अंतर तीं पोहून जातात. एका हंगामांत कासवी सुमारें बारा-बारा दिवसांनीं अनेक वेळां वर येते, दर खेपेस शंभराच्या वर अंडीं घालते, आणि मग दोन, तीन किंवा चार वर्षें तोंड दाखवीत नाहीं. परत येते ती मात्र त्याच किनाऱ्यावर. टोर्तुगेरोस बिल्ला लावलेली एकही कासवी कित्येक वर्षें दुसऱ्या कोठल्याही किनाऱ्यावर अंडीं घालतांना सांपडली नाहीं. याचा अर्थ व्यवहारांत काय होतो तें पाहा. एखाद्या किनाऱ्यावरचीं कासवें मारून संपविलीं, तर शेजारच्या किनाऱ्यावरचीं येऊन ती जागा सहज भरून काढतील ही आशा व्यर्थ.

याहूनही विलक्षण हकीकत असेन्शन बेटाची. हें बेट अटलांटिक महासागराच्या मध्यावर, ब्राझीलपासून दोन हजार किलोमीटरांहून अधिक दूर, अवघें कांहीं मैल रुंदीचें आहे. तेथें बिल्ला लावलेल्या कासवी ब्राझीलच्या किनाऱ्यावर चरतांना सांपडल्या. एवढ्या अफाट पाण्यांत राईएवढें बेट तीं कशीं हुडकीत असतील? कारांनीं सूर्य, तारे, पाण्याचा वास, प्रवाह या साऱ्यांचा विचार केला. कासवांस तरंगता ओंडा व वर फुगा बांधून त्यांच्या मागें नाव नेली. पुरतें उत्तर त्यांच्या हयातींत मिळालें नाहीं. पृथ्वीच्या चुंबकत्वाचा कासवांस उपयोग होतो हें पुढें प्रयोगांनीं सिद्ध झालें आहे. तरीही सर्व कोडें सुटलें असें म्हणतां येत नाहीं.

१९५६ सालीं कारांनीं आपल्या भटकंतीचें एक रसाळ पुस्तक लिहिलें. तें वाचून जोशुआ पॉवर्स या गृहस्थांनीं त्याच्या प्रती आपल्या स्नेह्यांस वांटल्या व हिरव्या कासवाच्या रक्षणार्थ एक मंडळी जमविली. तिच्यांतूनच १९५९ सालीं कॅरिबियन संरक्षण संस्था निघाली, आणि टोर्तुगेरोच्या कामास पैशाचा आधार मिळाला. पुढें कोस्टा रिकाच्या सरकारनें तो किनारा राष्ट्रीय उद्यान म्हणून राखून ठेविला. १९७५ सालीं त्यास कायद्याचें रूप आलें. ज्या गांवकऱ्यांचें पोट कासवें उलथीं करण्यावर होतें, त्यांपैकींच कित्येक संशोधकांचे मदतनीस झाले. हें सर्व गोडीगुलाबीनें झालें असें कोणी समजूं नये. ज्याची मिळकत जाते त्यास शास्त्राच्या गोष्टी एकदम पटत नाहींत.

कारांचे सर्वच उपाय सफळ झाले असेंही नाहीं. अमेरिकन आरमाराच्या विमानांतून टोर्तुगेरोचीं हजारों पिलें कॅरिबियनांतील रिकाम्या किनाऱ्यांवर नेऊन सोडण्याचा मोठा खटाटोप त्यांनीं कित्येक वर्षें केला. त्यांतून एकही नवी वसाहत उभी राहिल्याचें दिसलें नाहीं. कासवें पाळून त्यांचें मांस विकण्याचे कारखाने निघाले तर रानचीं कासवें वांचतील असें त्यांस प्रथम वाटलें. नंतर मात्र बाजारांत मागणी वाढून चोरट्या शिकारीसच उत्तेजन मिळेल हें ध्यानांत येतांच त्यांनीं आपलें मत उघडपणें बदललें. आमच्या दृष्टीनें त्यांच्या थोरवीचा हा एक मोठा भाग आहे.

आतां आपल्या कोंकणांत येणाऱ्या कासवाच्या सख्ख्या भावंडाची गोष्ट. आपल्याकडचें तें ऑलिव्ह रिडले. मेक्सिकोच्या आखातांतील तें केम्पचें रिडले. हें दुसरें कासव अंडीं कोठें घालतें हें कोणासच ठाऊक नव्हतें. तें दोन निराळ्या जातींच्या कासवांचें संकर आहे, त्यास पिलेंच होत नाहींत, असें फ्लोरिडाचे कोळी शपथेवर सांगत. कारांनीं या कोड्याच्या पाठीमागें सुमारें वीस वर्षें घालविलीं. उत्तर सांपडलें तें त्यांस नव्हे. १८ जून १९४७ रोजीं आंद्रेस हेरेरा नांवाच्या एका मेक्सिकन गृहस्थानें रांचो नुएव्हो येथें भर दिवसा हजारों कासवी एकाच वेळीं वाळूवर चढलेल्या पाहून त्यांचें चलच्चित्र घेतलें होतें. तें चित्र चौदा वर्षें शास्त्रज्ञांच्या नजरेसच आलें नाहीं! १९६१ सालीं तें एका परिषदेंत दाखविण्यांत आलें. एका दिवसांत सुमारें चाळीस हजार कासवी तेथें असाव्यात असा त्यावरून अंदाज झाला. पण तोंपर्यंत अंड्यांची लूट कित्येक वर्षें चालली होती, आणि कोळंबीच्या जाळ्यांत कासवें गुदमरून मरत होतीं. १९८५ सालीं तेथें उणींपुरीं सातशें घरटीं सांपडलीं. कोडें सुटलें तें असें, अगदीं शेवटच्या घटकेस. पहारा व जाळ्यांतील सुधारणा यांमुळें ती जात तगून राहिली आहे, एवढेंच.

आपल्या संतांच्या वाङ्मयांत कासवीच्या दृष्टीचा दृष्टांत वारंवार येतो; ती पिलांस पाजीत नाहीं, केवळ प्रेमळ नजरेनें त्यांचें पोषण करते. दृष्टांत म्हणून तो फार गोड आहे. परंतु समुद्रकासवी अंड्यांवर वाळू लोटून जी जाते ती पिलांचें तोंडही पाहत नाहीं. दीड-दोन महिन्यांनीं पिलें रात्रीं वर येतात, उजेडाच्या रोखानें पाण्याकडे धांवतात, आणि लाटांत शिरलीं कीं दिसेनाशीं होतात. पुन्हां दिसतात तीं ताटाएवढीं झाल्यावर. मधला काळ तीं असतात कोठें? या काळास कारांनीं हरवलेलें वर्ष म्हटलें. तरंगणाऱ्या शेवाळाच्या पट्ट्यांतून, प्रवाहांबरोबर, भर समुद्रांत पिलें वाढतात असें त्यांनीं पुरावे जमवून मांडलें. आणि तें एक वर्ष नसून अनेक वर्षें असावींत, असें त्यांचें मत आयुष्याच्या अखेरीस झालें. पुढील शोधांनीं त्यास दुजोरा दिला.

आपल्या कोंकणांत हें काम बरेंच उशिरां सुरू झालें. १९७२ सालच्या वन्यजीव कायद्यानें समुद्रकासवांस संरक्षण मिळालें. परंतु कायदा दिल्लीस आणि अंडीं वाळूंत. रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळास गांवीं चिपळूणच्या सह्याद्रि निसर्ग मित्र या संस्थेनें २००२ सालीं गांवकऱ्यांच्या साह्यानें अंडीं राखण्यास आरंभ केला. कोल्ह्याकुत्र्यांनीं व माणसांनीं नेऊं नयेत म्हणून अंडीं उचलून कुंपणाच्या आंत तितक्याच खोल खळग्यांत पुरतात, आणि पिलें निघालीं कीं समुद्रांत सोडतात. आमच्या रायगड जिल्ह्यांत दिवेआगर व हरिहरेश्वर या बाजूसही हें चालतें. अंडीं हलवितांना फार सावध राहावें लागतें, कारण पिलूं नर होणार कीं मादी हें वाळूच्या उष्णतेवर ठरतें. सुमारें २९ अंशांच्या वर माद्या अधिक, खालीं नर अधिक. कारांनीं आपलें काम आरंभिलें तेव्हां ही गोष्ट कोणास ठाऊक नव्हती, आणि सावलींत पेट्या ठेवून कित्येक ठिकाणीं भलतीच पैदास झाली असावी.

आणि गुहागरची ती ०३२३३ आंकड्याची कासवी? कासवी आपल्याच किनाऱ्यावर परतते हा कारांचा सिद्धांत हिरव्या कासवांच्या बाबतींत त्यांच्या मृत्यूनंतर आनुवंशिक खुणा तपासूनही खरा ठरला. रिडले मात्र तितकें एकनिष्ठ नसावें असा संशय होता, आणि पूर्वेस व पश्चिमेस दोन्हीकडे अंडीं घालणाऱ्या या कासवीनें तो बळकट केला. कार असते तर त्यांस आपल्या सिद्धांतास बाध आल्याचें दुःख झालें नसतें. त्यांनीं तात्काळ आणखी बिल्ले मागविले असते, असें आम्हांस वाटतें.

कार जवळजवळ पन्नास वर्षें फ्लोरिडा विश्वविद्यालयांत शिकवीत राहिले. जगांतील कासवांच्या रक्षणाचा विचार करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाचें अध्यक्षपद त्यांच्याकडे अनेक वर्षें होतें, आणि त्यांचे शिष्य देशोदेशीं पसरले. २१ मे १९८७ रोजीं मिकॅनोपी या खेड्याजवळ, तळ्याकांठच्या आपल्या घरीं, कर्करोगानें त्यांचा अंत झाला. फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावरील कासवांच्या एका मोठ्या राखीव भागास आतां त्यांचें नांव आहे. टोर्तुगेरोस बिल्ले लावण्याचें काम अखंड चालू आहे, आणि तेथें येणाऱ्या कासवींची संख्या त्यांच्या पश्चात् पुष्कळ वाढली. हिरव्या कासवास वयांत येण्यास वीस-पंचवीस, क्वचित् त्याहूनही अधिक वर्षें लागतात. कार गेले त्या वर्षीं त्या काळ्या वाळूंतून जीं पिलें समुद्रांत उतरलीं, त्यांपैकीं जीं वांचलीं तीं या शतकांत केव्हांतरी प्रथम अंडीं घालण्यास परत आलीं असतील.